झिजलेले इंजिन, कुरकुरणारी मोटार : घरगुती डागडुजी कोठवर चालते?

या खेपेला आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख सारखाच आहे. यंत्र झिजले आहे, नवे घेण्याची किंवा पूर्ण काम काढण्याची तयारी नाही, आणि कोणीतरी स्वस्तातला उपाय सुचवला आहे. तो करावा की नाही? अशा उपायांना सरसकट नाके मुरडणे मला पटत नाही, कारण या शहरातल्या कितीतरी टॅक्सी, पाण्याचे पंप आणि मासेमारी बोटी वर्षानुवर्षे त्यांच्याच आधारावर चालत आल्या आहेत. मात्र उपाय तपासताना मी आधी एवढेच पाहतो की, तो केल्यानंतर झीज कोणत्या भागावर जाणार आहे. स्वस्त आणि सहज बदलता येणाऱ्या भागावर ती जाणार असेल, तर उपाय खुशाल करावा. महागड्या भागावर जाणार असेल, तर आज वाचलेले पैसे पुढे दामदुपटीने भरावे लागतात.

प्रश्न : माझी १०० सीसीची मोटारसायकल १४ वर्षे जुनी आहे. ती ऑइल खाते आणि निळसर धूर सोडते. एक मेकॅनिक म्हणतो, जाड ऑइल भरा आणि त्यात धूर बंद करणारी बाटली ओता. दुसरा म्हणतो, बोअर न करता, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा न करता, नुसत्या रिंगा बदला. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : दोघांचेही ऐकण्याआधी धूर कधी येतो ते नीट पाहावे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर निळा धूर येऊन थोड्या वेळाने तो विरत असेल, किंवा उतारावर रेस सोडून खाली आल्यावर पुन्हा रेस देताना धुराचा लोट येत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या सीलमध्ये किंवा गाइडमध्ये असतो, आणि त्यासाठी रिंग-पिस्टनला हात लावण्याचे कारण नसते. गाडी भाराखाली ओढत असताना सतत धूर येत असेल, तर मात्र रिंगा आणि सिलिंडर यांच्याकडे संशयाने पाहावे लागते. खात्री करून घेण्याची पद्धत सोपी आहे. प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारे मीटर, लावावे, रेस पूर्ण उघडी ठेवून किक मारावी आणि आकडा टिपून घ्यावा. नंतर प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजावे. आकडा लक्षात येण्याइतका वाढला, तर ऑइलने रिंगांभोवतीची फट तात्पुरती भरून काढली, म्हणजे झीज तेथेच आहे. आकडा जागचा हलला नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत असे समजावे.

आता जाड ऑइलविषयी. १०डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० भरल्याने ऑइलचा खप आणि धूर काही काळ कमी होतो, हे खरे आहे. थंड प्रदेशात हा उपाय अंगाशी येतो. मुंबईच्या हवेत ऑइल गोठल्यासारखे घट्ट होण्याची वेळच येत नाही, त्यामुळे काही महिन्यांची सोय म्हणून मी त्याला हरकत घेणार नाही. मात्र जाड ऑइल वर हेडमधल्या कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोहोचते, म्हणून गाडी सुरू केल्याबरोबर जोराची रेस देण्याची सवय मोडावी लागेल. बाटलीतल्या द्रवाबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. बहुतेक मोटारसायकलींच्या क्लच प्लेटा त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि घर्षण कमी करणारे पदार्थ त्या ऑइलात मिसळले, की क्लच घसरू लागतो. ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असा शिक्का असतो तो याचसाठी. मोटारकारचे ऑइल मोटारसायकलमध्ये का भरू नये, याचेही उत्तर तेच आहे.

दुसऱ्या मेकॅनिकचा सल्ला अर्धवट आहे. ज्या सिलिंडरमध्ये रिंगा वर्षानुवर्षे खालीवर फिरल्या, त्याच्या वरच्या टोकाला, जेथवर रिंग पोहोचत नाही, तेथे न झिजलेल्या धातूची एक कड उरते. नव्या रिंगेची धार ताजी असल्यामुळे ती त्या कडेवर आदळते आणि तुटते, किंवा पिस्टनचा खाचेलगतचा भाग फोडते. शिवाय जुन्या सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत झालेली असते. होनिंग करून तिच्यावर बारीक तिरकस रेघा पाडल्याशिवाय नवी रिंग तिला धरून बसत नाही आणि धूर पूर्वीइतकाच राहतो. म्हणून सिलिंडर उतरवलाच आहे, तर नवी रिंग पिस्टनशिवाय आत सरकवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजावी. ५० मिलिमीटरच्या बोअरला ती साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर असावी. वरच्या कडेपाशी आणि खाली स्कर्टजवळ मोजलेल्या फटींत फारसा फरक नसेल, तर होनिंग आणि रिंगा एवढ्यावर भागेल. फट अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जात असेल, तर बोअर करून ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइज पिस्टन घालण्याला पर्याय नाही. आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिलेले ॲल्युमिनियमचे सिलिंडर काही नव्या गाड्यांना असतात, ते अशा रीतीने बोअर करता येत नाहीत. आपल्या जुन्या गाडीचा बीडाचा असण्याचीच शक्यता अधिक आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, जिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेरीस मुदत संपून रस्त्यावरून गेली, तिचे १०८९ सीसीचे इंजिन पुन्हा पुन्हा बांधता येत असे. आणि ते बांधण्याची वेळ लांबवायची असेल, तर चालक डिकीत ऑइलचा डबा ठेवून रोज दांडी तपासत. आपणही तोपर्यंत हेच करावे. ऑइल खाणारे इंजिन लगेच मरत नाही, ते मरते ऑइल संपल्यावर. रिंगांची झीज काही शे रुपयांत भरून निघते. कोरड्या पडलेल्या क्रँकची नाही.

प्रश्न : मोटारसायकलच्या मॅग्नेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचे, पॅकिंग फाटले होते. शेजारच्या मुलाने लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे कापून बसवले. चालेल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : कागद साधा, बिनचकाकीचा असेल आणि बसवण्यापूर्वी ऑइलमध्ये भिजवला असेल, तर चालेल; तेथे फक्त उडणारे ऑइल अडवायचे असते. प्लास्टिकचा मुलामा दिलेली किंवा सोनेरी वर्ख लावलेली पत्रिका मात्र नको, कारण तो थर उष्णतेने सुटून ऑइलच्या वाटा बुजवतो. सिलिंडरच्या बुडाशी असा कागद घालायचा असेल, तर त्याची जाडी मूळ पॅकिंगएवढीच हवी, नाहीतर कॉम्प्रेशन बदलते. हेडखाली कागद कधीही घालू नये.

प्रश्न : मिक्सरमधून ठिणग्या येतात आणि जळका वास सुटतो. दुरुस्ती करणाऱ्याने टॉर्चच्या जुन्या सेलमधली कार्बनची कांडी घासून ‘कार्बन’ म्हणून बसवली. दोन आठवड्यांत पुन्हा ठिणग्या सुरू झाल्या. असे का व्हावे?
– एक वाचिका, गिरगाव

उत्तर : मिक्सरची मोटार मोकळी फिरताना मिनिटाला १८ ते २० हजार फेऱ्यांपर्यंत जाते, आणि त्या वेगाने धावणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे कम्युटेटरवर, दोन कार्बन टेकून वीज आत पोहोचवतात. या जोडीतला कार्बन मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, कारण त्याने झिजावे आणि तांबे वाचावे अशीच मूळ योजना आहे. सेलमधली कांडी त्या कामासाठी बनवलेली नसते. ती गोल, तर खोबण चौकोनी. कितीही घासली तरी ती आत डुलते, उडते आणि प्रत्येक उडीला ठिणगी पडते. सेलमधला रसायनांचा ओलावा कांडीतून झिरपू नये म्हणून तिच्यात मेण मुरवलेले असते. मोटार तापली, की ते मेण तांब्यावर पसरते. त्याशिवाय योग्य कार्बनमध्ये विजेला थोडा ठरावीक अडथळा राखलेला असतो, ज्यामुळे शेजारच्या दोन पट्ट्या क्षणभर एकत्र जोडल्या गेल्या तरी प्रवाह बेफाम वाढत नाही. हे सारे गुण कांडीत योगायोगाने येणार कसे?

आपल्या मॉडेलच्या कार्बनची जोडी लोहार चाळीत किंवा मिक्सर दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात अगदी थोडक्यात मिळते. एक झिजला तरी दोन्ही एकदमच बदलावेत. बदलण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा आणि कम्युटेटरकडे पाहावे. त्यावर तपकिरी, एकसारखा पातळ थर असेल तर तो घासून काढू नये; तो थर चांगल्या मोटारीची खूण आहे, आणि तांबे लखलखीत करण्याच्या हौसेने तो घालवणारे कारागीर मोटारीचे आयुष्य कमी करतात. काळे डाग आणि ओरखडे असतील, तर बारीक काचकागदाने हलक्या हाताने साफ करावे. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कण तांब्यात रुततात आणि पट्ट्यांमधल्या खाचांत अडकून त्या जोडू शकतात. खाचांतली काजळी टोकदार लाकडी काडीने काढावी. नवे कार्बन घालूनही संपूर्ण कम्युटेटरभोवती आगीचे कडे दिसत असेल, तर आर्मेचरची गुंडाळी आतून शॉर्ट झाली आहे, आणि त्यापुढे कार्बन बदलत राहणे व्यर्थ आहे.

याच अनुषंगाने दोन गोष्टी सांगतो. जादा भार आला की मोटार बंद करणारे मिक्सरच्या तळाचे लाल बटण वारंवार बाहेर येते म्हणून वायर जोडून ते कायमचे निकामी करून देणारे महाभाग आहेत. त्यांच्याकडे मिक्सर देऊ नये. आणि भांड्याखालचा रबरी कप्लर सारखा तुटतो म्हणून त्याजागी कोणी धातूचा बसवून देत असेल, तर नकार द्यावा. खोबरे अडकले, की आधी कप्लर तुटावा म्हणूनच तो रबराचा केलेला आहे. तो वारंवार तुटत असेल, तर भांड्याची बुश जाम झाली आहे का ते पाते हाताने फिरवून पाहावे. कित्येकदा खरा आजार भांड्यात असतो आणि शिक्षा मोटारीला होते.

प्रश्न : छताचा पंखा मंद झाला आहे. बेअरिंगमध्ये खोबरेल तेल सोडावे की मोठा कपॅसिटर लावावा?
– एक वाचक, माहीम

उत्तर : यांपैकी काहीच करू नये. वीज बंद करून पंखा हाताने फिरवावा. तो सहज, आवाज न करता बराच वेळ फिरत राहिला, तर बेअरिंग ठीक असून कपॅसिटर क्षीण झाला आहे, त्यावर २.२५, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असा जो आकडा छापलेला असेल, तोच नवा लावावा. मोठ्या आकड्याचा लावल्यास पंखा सुरुवातीला जोमाने फिरतो, पण गुंडाळीतून जादा प्रवाह जाऊन ती तापते. पंखा अडखळत किंवा खरखरत फिरत असेल, तर बेअरिंग बदलावे. खोबरेल आतले ग्रीस धुऊन काढते, गुंडाळीवर ओघळते, आणि जानेवारीतल्या एखाद्या गार पहाटे स्वतःच थिजते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाच्या ग्लँडमधून सतत पाणी गळते. वॉचमन दर पंधरा दिवसांनी सुतळीला ग्रीस लावून आत ठासतो आणि नट आवळतो. आता मोटारीचाही आवाज येऊ लागला. मेकॅनिक म्हणाला, बेअरिंगचे घर सैल झाले आहे, पंच मारून देतो. कमिटीने यावर खर्च करावा की पंप बदलावा?
– सचिव, एक गृहनिर्माण संस्था, चेंबूर

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या झिजा आहेत आणि माझा अंदाज असा, की पहिलीने दुसरीला जन्म दिला आहे.

ग्लँड म्हणजे शाफ्ट पंपातून बाहेर येतो ती पॅकिंगने बुजवलेली जागा. तिथल्या पॅकिंगविषयी सर्वसाधारण गैरसमज असा आहे, की त्यातून थेंबही येता कामा नये. फिरता शाफ्ट आणि त्याला बिलगलेले पॅकिंग यांना गार ठेवणारे दुसरे काहीच तेथे नसते. मिनिटाला ४० ते ६० थेंब पडणे हे नीट बसवलेल्या ग्लँडचे लक्षण मानतात. वॉचमनने नट आवळून गळती पूर्ण बंद केली, की पॅकिंग कोरडे पडते, तापते, कडक होते आणि शाफ्टला किंवा त्यावरच्या स्लीव्हला खोबण पाडते. सुतळीचे तर विचारूच नका. ताग पाण्याने फुगतो म्हणून पहिले काही दिवस गळती थांबल्याचा भास होतो, नंतर तो कुजतो आणि त्यात अडकलेली रेती कानसीसारखी काम करते. त्यातून आपले पाणी पिण्याचे आहे. त्यात साधे ग्रीस जाऊ देणे मुळीच योग्य नाही.

खरे काम असे आहे. पंप बंद करून, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवून, जुने पॅकिंग तळापर्यंत उकरून काढावे. जुन्यावर नवे ठासण्याची पद्धत सर्वत्र दिसते, ती सोडावी. योग्य मापाची ग्राफाइट किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) पॅकिंग दोरी शाफ्टभोवती गुंडाळून तिची वेगवेगळी कडी कापावीत, कापताना तिरका छेद घ्यावा, आणि एकामागून एक बसवताना त्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत. नट हातानेच बसतील तेवढे आवळून पंप सुरू करावा आणि मग दोन्ही नट सारखे, थोडेथोडे फिरवत थेंबांवर आणावे. शाफ्टवर नखाला लागेल एवढी खोबण असेल, तर मात्र कोणतेही पॅकिंग टिकणार नाही. स्लीव्ह असेल तर ती बदलावी; नसेल तर शाफ्ट लेथवर देऊन वेल्डिंगने भरून टर्न करून घ्यावा किंवा त्यावर स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह चढवावी. त्या खोबणीत एम-सील किंवा ॲरल्डाइट भरून कानसीने गोल करणारे लोक मी पाहिले आहेत. पाण्याच्या टाकीच्या भेगेला ते लेप उत्तम, फिरत्या शाफ्टला नाही.

आता बेअरिंग. मोनोब्लॉक पंपात पाण्याचा पंखा मोटारीच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे ग्लँडमधून उडणारे पाणी थेट पुढच्या बेअरिंगकडे जाते, ग्रीस धुतले जाते, बेअरिंग गंजते, अडखळते आणि शेवटी त्याची बाहेरची कडी घरात फिरू लागते. घराच्या भिंतीवर पंचाने ठिपके मारले, की त्याभोवती धातू उचलला जातो आणि बेअरिंग घट्ट बसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते फक्त त्या उचललेल्या टोकांवर टेकलेले असते. मोटारीच्या थरथरीने टोके चेपतात, आणि बेअरिंग पुन्हा सैल होते. पत्र्याच्या डब्याची पट्टी कापून घालण्याचा दुसरा उपाय त्याहूनही वाईट, कारण पट्टी कधीच एकसारखी बसत नाही आणि बेअरिंगची कडी गोल राहत नाही. आपल्या पंपासारख्या लहान मोटारीत रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर (स्थिर भाग) यांच्यामध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी अंतर असते. बेअरिंग तेवढे सरकले, की रोटर स्टेटरला घासतो, त्यांच्या पोलादी पत्र्याच्या पातळ पट्ट्या (स्टॅम्पिंग) एकमेकींना चिकटतात, तेथे उष्णता साठते आणि वायंडिंग जळते. पंचाच्या चार ठोक्यांनी वाचवलेला खर्च अशा रीतीने रिवायंडिंगच्या बिलात येतो.

पंच मारण्याला कायमची बंदी घालावी असे मी म्हणत नाही. रात्री टाकी कोरडी आहे, सकाळी इमारतीला पाणी हवे आहे, अशा वेळी एका आठवड्याची सोय म्हणून तो करावा, पण त्याच दिवशी पुढच्या कामाची तारीख ठरवावी. फट अगदी बारीक असेल, तर बेअरिंग धरून ठेवणारे रिटेनिंग द्रव, जे बाजारात लॉकटाइट या नावाने मागतात, घर आणि कडी कोरडी-स्वच्छ करून लावल्यास चांगले धरते. फट अधिक असेल, तर एंड कव्हर लेथवर बोअर करून त्यात बुश बसवावी. हे काम शहरातल्या कोणत्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये होते आणि नीट झाले तर पुष्कळ वर्षे टिकते. नवे बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवर घ्यावे, मात्र जुन्यावरचा संपूर्ण क्रमांक लिहून न्यावा. नुसते ‘६२०५’ पुरेसे नाही, पुढे सी३ (आत नेहमीपेक्षा जास्त फट असल्याची खूण) आहे का, पत्र्याचे झाकण आहे की रबरी सील, हेही पाहावे लागते. नकली मालाची भीती असल्यामुळे पक्के बिल देणाऱ्याकडूनच घ्यावे.

पंप बदलावा का? बॉडी फुटलेली नसेल आणि वायंडिंगचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा मोजलेला रोध, एक मेगाओमच्या वर येत असेल, तर मी बदलणार नाही. एक गोष्ट मात्र आजच करावी. मोटार वारंवार ट्रिप होते म्हणून स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचा आकडा कोणी वाढवून ठेवला आहे का, ते पाहावे आणि मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरवर परत आणावा.

प्रश्न : मागच्या पावसात हिंदमाताजवळ स्कूटर पाण्यात बंद पडली. लोकांनी डिझेल टाकून इंजिन धुवायला सांगितले. पुन्हा अशी वेळ आली, तर काय करावे?
– एक वाचक, परळ

उत्तर : सर्वांत आधी, सेल्फ किंवा किक मारू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना पिस्टन वर ढकलला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या दिवसांत गॅरेजमध्ये आलेल्या गाड्यांचे नुकसान पाण्याने झाले तितकेच घाईने मारलेल्या स्टार्टरनेही झाले होते. साध्या विम्यात असे नुकसान बहुधा धरत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

गाडी ढकलत उंचावर न्यावी, प्लग काढावा, एअर फिल्टर सोडवून वाळवावा आणि प्लग नसतानाच किक हळूहळू फिरवून पाणी बाहेर काढावे. ऑइलची दांडी दुधाळ दिसली, तर ऑइल सोडून द्यावे. डिझेलने धुण्यात तथ्य आहे, फक्त ते भरून इंजिन चालवायचे नसते. डिझेलला बेअरिंगवर पापुद्रा धरण्याचा गुण नाही. थोडे डिझेल घालून किकने इंजिन फिरवावे, पूर्ण निथळू द्यावे, मग स्वस्तातले योग्य दर्जाचे ऑइल भरून काही मिनिटे चालवावे, तेही सोडावे आणि त्यानंतर नेहमीचे भरावे. बेल्टच्या कव्हरखालचा निचऱ्याचा बूच बहुतेक जण विसरतात. तेथे पाणी राहिले, तर इंजिन चालते पण गाडी हलत नाही. कॉइल आणि जोडण्या हेअर ड्रायरने वाळवाव्यात, स्टोव्हवर किंवा आगीजवळ नव्हे.

प्रश्न : आमच्या बोटीच्या इंजिनचा हीट एक्स्चेंजर (इंजिनमधले गोडे पाणी समुद्राच्या पाण्याने थंड करणारा भाग) समुद्रात असताना गळू लागला. तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, गोड्या पाण्यात हळद घालून बोट बंदरात आणली. आता तसेच चालवावे का? आणि जस्ताच्या कांड्या फार लवकर संपतात, त्याऐवजी लोखंडी बोल्ट घातला तर?
– एक वाचक, वेसावे

उत्तर : तांडेलांनी योग्य तेच केले. गरम पाण्यात हळदीची पूड फुगते, सुईएवढ्या भोकात जाऊन बसते आणि किनारा गाठेपर्यंत पुरते. घाटात अडकलेले ट्रकचालक हाच उपाय करत आले आहेत. पण ती हळद भोक आणि नळी यांत भेद करत नाही. थर्मोस्टॅट आणि अरुंद नळ्यांतही ती बसते आणि पुढच्या फेरीत इंजिन तापते. म्हणून सगळे पाणी काढून, स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन, एक्स्चेंजर सोडवावा आणि गळकी नळी शोधावी. एखाददुसरी नळी फुटली असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना पितळेची निमुळती खुंटी ठोकून ती बंद करता येते. थंड करण्याची क्षमता तेवढ्याने विशेष घटत नाही. दहात एकापेक्षा अधिक नळ्या बंद कराव्या लागत असतील, तर जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नवा गाभाच बसवून घ्यावा.

लोखंडी बोल्ट मात्र अजिबात घालू नये. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले, की त्यांतला एक विरघळतो. जस्त विरघळते म्हणून तांब्याच्या नळ्या आणि त्यांचे सांधे वाचतात. कांडी अर्धी उरली, की बदलावी, आणि तिला रंग लावू नये, कारण रंगाखालचे जस्त काम करत नाही. कांड्या पूर्वीपेक्षा खूप लवकर संपत असतील, तर बॅटरीची एखादी वायर उघडी पडून इंजिनच्या अंगाला किंवा तळाशी साचलेल्या पाण्याला लागते आहे का, ते पाहावे. मुख्य स्विच बंद करून बॅटरीच्या तारेत मीटर लावला आणि तरीही प्रवाह दिसला, तर गळती स्विचच्या आधीच्या वायरिंगमध्ये आहे. तेथून एकेक जोडणी सुटी करत गेल्यास ती सापडते.